पहिल्या रविवारची थाप

हनोखकाका साळवे आमच्या नाशिकच्या चर्चमध्ये चालत्या बसमधून चालल्यासारखे चालायचे. मधल्या वाटेनं येताना डावीकडच्या बाकाचा कोपरा धरायचा, तो सोडायच्या आधी उजवीकडचा पकडायचा, पाय जरा फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले. एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी झालेली, तीही बहुतेक पेठ-सुरगाण्याच्या घाटातल्या गाड्यांवर. स्थिर जमिनीवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. लहान मुलं त्यांच्यामागे तशीच झुलत चालायची आणि मुलांच्या आया हसू दाबायच्या. काका न वळता म्हणायचे, "पुढे सरका, पुढे जागा आहे."

मी मंडळीची सेक्रेटरी आहे. यादी केल्याशिवाय मला भाजीसुद्धा आणता येत नाही. वेदीवरची फुलं कुणाची, धडा कोण वाचणार, पंख्याचा मेकॅनिक कधी येणार, सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. पहिल्या रविवारची यादी सर्वांत मोठी, कारण त्या दिवशी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकर कोण आणणार, द्राक्षारस कोण ओतणार, पेले कोण धुणार. एक गोष्ट मात्र मी कधी लिहिली नाही, कारण ती न लिहिताही होत असे. हनोखकाका उठून जाणार.

भाकर मोडण्याआधी पाळकसाहेब थोडा वेळ शांतता ठेवतात. त्या वेळात ज्यानं त्यानं आपलं पाप आठवायचं, आणि कुणाशी वाकडं असेल तर आधी जाऊन ते मिटवायचं, मग वेदीजवळ यायचं. हा नियम आम्हा सगळ्यांना लहानपणापासून पाठ आहे. उठून मात्र कुणी जात नाही. त्या शांततेत लोक खिशातला मोबाइल चाचपतात, कुकर बंद केला होता की नाही ते आठवतात. उठायचे ते एकटे हनोखकाका. बाक धरत धरत ते बाजूच्या दारानं बाहेर पडायचे आणि शेवटचं गीत सुरू झालं की परत यायचे. भाकर नाही, द्राक्षारस नाही. नवीन पाळकसाहेब आले की पहिल्या महिन्यात विचारायचे, "त्यांची तब्येत बरी नाही का?" आम्ही म्हणायचो, "बरी आहे. ते जाऊन येतात."

जायचे ते फार लांब नाही. चर्चच्या मागच्या गल्लीत एक बैठं कौलारू घर होतं, हिरव्या दाराचं, पुढे पेरूचं झाड. घराला कुलूप. काका पायरी चढून दारावर थाप मारायचे आणि म्हणायचे, "सुलोचना, मी हनोख. येऊ का?" मग ओट्याचा खांब धरून थांबायचे. उत्तराला पुरेल इतका वेळ, पण लोचटपणा दिसणार नाही इतकाच. मग पायरी उतरून परत.

सुलोचनाबाई कोण, ते सांगायला मला माझ्या दहावीच्या वर्षात जावं लागेल.

आमच्यात साक्ष देण्याची पद्धत आहे. माणूस मंडळीसमोर उभा राहतो आणि सांगतो, मी असा होतो, प्रभूनं मला असं धरलं, आता मी असा आहे. पाप जितकं मोठं तितकी साक्ष चांगली, असं कुणी म्हणत नाही, पण लोक कुठे पुढे सरकून बसतात ते बोलणाऱ्याला दिसत असतं. त्या वर्षी कापणीच्या सणाला वेदीभोवती भोपळे, द्राक्षांचे घड आणि नागलीची कणसं रचली होती. हनोखकाका तेव्हा तरुण होते, आवाज खणखणीत, स्टँडवर गाडीच्या टपावरून हाक मारली तर रस्त्यापलीकडचा माणूस धावत यायचा. ते साक्षीला उभे राहिले. घरी कमळाकाकूंसारखी बायको असताना आपलं मन कसं भरकटलं ते त्यांनी सांगितलं. बाईचं नाव घेतलं नाही. पण म्हणाले, "शनिवारी गाण्यांचा सराव संपायचा, सगळे घरी जायचे, पेटीचं झाकण लागायचं, आणि आम्ही दोघं पापात पडायचो."

मंडळीत पेटी वाजवणारी बाई एकच होती, आणि ती त्या क्षणी पेटीपुढे बसली होती.

सगळ्या माना तिकडे वळल्या. मग पाळकसाहेबांनी घाईघाईनं पुढचं गीत सांगितलं. सुलोचनाबाईंनी ते वाजवलं. शेवटच्या कडव्यापर्यंत, एकही सूर न चुकवता. झाकण लावलं, बाजूच्या दारानं बाहेर गेल्या, आणि आमच्या चर्चमध्ये पुन्हा दिसल्या नाहीत. इकडे लोक हनोखकाकांना मिठ्या मारत होते. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. खराखुरा पश्चात्ताप म्हणून ती साक्ष पुढे कितीतरी वर्षं दाखल्यादाखल सांगितली जायची.

"मला एकदम हलकं वाटलं होतं," काकांनी मला एकदा सांगितलं. "अंगावरचं ओझं उतरलं. उतरलं हे खरंच. पण कुणाच्या डोक्यावर उतरलं ते मी मागे वळून बघितलं नाही."

कमळाकाकू हे जास्त थेट बोलायच्या. "माझी माफी त्यांनी स्वयंपाकघरात मागितली. तिला मात्र चारचौघांत उघडं पाडलं."

पुढच्या महिन्यात त्या शांततेच्या वेळी हनोखकाका पहिल्यांदा उठले. हिरवं दार सुलोचनाबाईंच्या भावानं, रत्नाकरनं उघडलं आणि तोंडावर लावून घेतलं. ती कुठे तरी लांब मिशनच्या कामाला गेली, असं आधी कळलं. काही वर्षांनी रत्नाकरनंच सांगितलं, "आता ती नाही." काका तरी जात राहिले. पुढे कमळाकाकू गेल्या, मग रत्नाकर गेला आणि घराला कुलूप लागलं. तरी काका जात राहिले.

मी सेक्रेटरी झाल्यावर एकदा त्यांना स्पष्टच विचारलं, "काका, कुलपाला विचारून काय उपयोग?"

"कुलूप बाहेरून आहे, सेक्रेटरीबाई. मी आतल्या माणसाला विचारतो."

"आत कुणी नाही."

"ते मला माहीत आहे." मग म्हणाले, "तुम्ही कधी भरलेल्या गाडीच्या दारात उभ्या राहिल्यात? आत माणसं आहेत का ते बघायला लागत नाही. पाठीला कळतं."

हे वाचून कुणाला वाटेल की हनोखकाका उदास, तोंड पाडून बसणारे गृहस्थ होते. तसं काही नव्हतं. चहाच्या वेळी त्यांच्याभोवती नेहमी घोळका असायचा, आणि बोलणं सगळं एसटीचं. लांबलेल्या प्रवचनाला "गाडी घाटात अडकली" म्हणायचे. कुणी उपासनेला उशिरा आलं की, "टपावर बसा आता." त्यांच्या नावावरून लोक त्यांना चिडवायचे. पवित्र शास्त्रातला हनोख देवाबरोबर चालता चालता नाहीसा झाला, तसे तुम्हीही एखाद्या रविवारी बाजूच्या दारानं जाल आणि परत येणारच नाही, असं. काका म्हणायचे, "माझं तिकीट रिटर्नचं आहे. माझं कसलं नाहीसं होणं."

त्यांचं सर्वांत प्रसिद्ध वाक्य "सुटे द्या" हे होतं. ते पहिल्यांदा ऐकलं विलास भालेरावनं. विलास आमचा खजिनदार. त्यानं अर्ध्या मंडळीला सांगितलं होतं की म्हातारा भ्रमिष्ट झालाय, बंद घराशी बोलतो, याला पंच कमिटीतून काढा. ते काकांच्या कानावर गेलं. मग पुढच्या रविवारी विलास चहाचा कप घेऊन त्यांच्याजवळ आला.

"काका, सॉरी हं. काही बोललो असेन तर."

"भालेराव, सॉरी ही मोठी नोट आहे. सुटे द्या."

"म्हणजे?"

"म्हणजे नेमकं काय केलंत ते सांगा. एकेक करून."

विलास हसला. काका हसले नाहीत. तसेच बघत राहिले, तिकीट फाडण्याआधी प्रवाशाकडे बघावं तसं. विलासचं हसू हळूहळू आटलं. "तुम्हाला... वेडा म्हणालो."

"कुणापाशी?"

"पगारेंपाशी. आणि डेव्हिडपाशी."

"कशासाठी?"

"कमिटीत माझ्या मेव्हण्याला घ्यायचं होतं."

"झाले सुटे," काका म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता चहा प्या, निवतोय."

विलास नंतर मला म्हणाला, "मेव्हण्याचं मी बोलणारच नव्हतो हो. तोंडातून कसं निघालं कळलं नाही." हे असं आणखी काही जणांकडून ऐकलं. काका ओरडायचे नाहीत, उपदेश करायचे नाहीत. फक्त थांबायचे. त्या हिरव्या दारापुढे थांबून थांबून त्यांना थांबण्याची एक विचित्र ताकद आली होती. समोरच्याला वाटायचं, आता या माणसापुढे दार उघडल्यावाचून गत्यंतर नाही.

आमच्या तरुण संघानं मध्यंतरी साक्षींचे व्हिडिओ काढायला सुरुवात केली. मागे मंद संगीत, चेहऱ्यावर एका बाजूनं उजेड, आणि एकेकानं आपलं अंधारातलं आयुष्य सांगायचं. लोकांना फार आवडायचे. काम शॅरन बघायची, पाळकसाहेबांची भाची, हुशार मुलगी. हनोखकाकांची जुनी साक्ष तिला ऐकून माहीत होती, म्हणून तिनं त्यांना गाठलं. काका म्हणाले, आधी तुमचा एखादा दाखव. तिनं मोबाइलवर एक लावला. एक मुलगा कॉलेजातल्या मैत्रिणीला आपण कसं फसवलं ते सांगत होता. रडत होता, खरंच रडत होता. गंगापूर रोडवरची एक खानावळ, तिथलं कोपऱ्यातलं टेबल, तिची लाल स्कूटी, सगळं त्यात होतं.

"या गाडीत त्या मुलीचं तिकीट कुणी काढलं?" काकांनी विचारलं.

"काका, नाव नाही घेतलं त्यानं तिचं."

"मीही नव्हतं घेतलं."

काका अगदी मऊ आवाजात म्हणाले, "पोरी, त्याला हलकं वाटलं असेल ना? त्या हलकं वाटण्याची मला भीती वाटते. ज्याला फसवलं त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच माणसाला हलकं वाटलं, तर तो पुढे जाईल कशाला?"

तो व्हिडिओ शॅरननं त्या दिवशीच काढून टाकला.

त्यांची पुतणी ग्रेस पुण्यात समुपदेशक आहे. ती नाताळला आली की काकांच्या मागे लागायची. "काका, इतकी वर्षं झाली. ती बाई हयात नाही. आता तुम्ही स्वतःला माफ करा. गिल्ट धरून बसणं हेल्दी नाही."

"चोरानंच पंचनामा लिहायचा, आणि सहीही चोराचीच?"

"असं नसतं हो काका."

"ग्रेस, तू मनानं चांगली आहेस. पण माझी माफी माझ्याकडे नाही. असती तर कधीच खर्चून बसलो असतो." मग म्हणाले, "देव माफ करील, त्याची मला शंका नाही. पण तो आधी विचारणार, सुलोचनेकडे जाऊन आलास का? मी काय सांगू? घराला कुलूप होतं?"

आता मागच्या वर्षीची गोष्ट. हिरव्या दाराचं घर बिल्डरला गेलं. रत्नाकरची मुलगी शीला पुण्याला असते. तिनं मला फोन केला, घर पाडायच्या आधी आत काय आहे ते तुम्ही बघून घ्या, चर्चच्या उपयोगाचं असेल ते ठेवा, तुमच्याइतकं पद्धतशीर काम कुणी करणार नाही. किल्ली कुरिअरनं आली. मी एका सकाळी वही, टेप आणि टॉर्च घेऊन गेले.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. मला सांगायचं आहे ते मी पाहिलं तसं सांगते.

कुलूप गंजलं होतं, तेल घालून उघडलं. आत बंद घराचा वास. मी खिडक्या उघडल्या आणि कामाला लागले. लोखंडी खाट, कपड्यांची ट्रंक, पितळेचा दिवा, वायरचं स्टूल, आणि भिंतीशी कापडानं झाकलेली पेटी. धूळ एवढी की वहीवर टेकवलेला हात राखाडी झाला. देवळालीकडे लष्कराच्या तोफांचा सराव चालू होता. दर गडगडाटाला खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि आढ्यावरून नवी धूळ भुरभुरायची. सगळं लिहून झालं तेव्हा मी दाराकडे वळले, आणि जमिनीकडे लक्ष गेलं.

दाराच्या आत, दारापासून पाऊलभर अंतरावर, फरशीवर दोन जागा स्वच्छ होत्या. धुळीत उमटलेले ठसे नव्हेत. तिथे धूळच नव्हती. दोन जागा शेजारी शेजारी, लांबट, फरशी घासून गुळगुळीत झालेली, जशी वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी उभं राहिल्यानं होते. दाराकडे तोंड करून.

दाराखालच्या फटीतून वारा येत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण फट दाराच्या रुंदीइतकी होती आणि बाकी सगळीकडे धूळ होती. तेवढ्यात पुन्हा तोफ झाली. आढ्यावरून धूळ पडली. मी टॉर्चच्या उजेडात बघत होते. ती त्या दोन जागांच्या आजूबाजूला बसली.

खाट, ट्रंक, दिवा, स्टूल, पेटी हे सगळं माझ्या वहीत आहे. त्या दोन जागा मी लिहिल्या नाहीत.

संध्याकाळी शीलाला फोन केला. "पेटीचं काय करायचं? चर्चला ठेवू का?"

"ठेवा ना. थांबा, एकदा आत्याला विचारते."

"कुठल्या आत्याला?"

शीला रडायला लागली. सुलोचनाबाई हयात होत्या. पेठला, मुलींच्या एका वसतिगृहात त्यांनी आयुष्यभर स्वयंपाकघर सांभाळलं आणि आता त्याच्याच मागच्या खोलीत राहत होत्या. मी मेले असं सांग, असं त्यांनीच भावाला शपथ घालून सांगितलं होतं.

पेठला. ज्या पेठच्या स्टँडवर हनोखकाका निवृत्त होईपर्यंत गाडीला टेकून उभे राहून हाका मारत होते.

मी काकांना लगेच सांगितलं नाही. आधी खात्री, मग निरोप, अशी माझी पद्धत आहे. दोन दिवसांनी गाडी काढली, सावळघाट चढून पेठ गाठलं. वसतिगृहाच्या मागे नागली पाखडत बसलेल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "मावशी हाय ना आत. आज उघडंल. रयवारी नका येऊ, यखाद्या रयवारी ती दारामागं उभी रहते, कोणलाच उघडत नाय."

सुलोचनाबाई लहानखुऱ्या, ताठ बसणाऱ्या. बोटं अजून लांब. मी ओळख सांगितली, मंडळीचं नाव घेतलं. त्यांनी मला पाणी दिलं आणि स्वतःच सुरुवात केली.

"हनोख कसे आहेत? आवाज फार थकलाय त्यांचा."

"तुमचं बोलणं होतं?"

"पहिल्या रविवारी येतात ना. थाप मारतात. विचारतात, येऊ का." त्या हे दूधवाला येतो म्हणावं तशा सुरात म्हणाल्या. "पूर्वी स्टँडवरून आवाज यायचा, तेव्हा मी त्या बाजूला जायची नाही. ते रिटायर झाले, स्टँडवरचा आवाज बंद झाला. दारावरचा नाही झाला."

"बाई, ते नाशिकला थाप मारतात. तुमच्या भावाच्या घरी."

"कुठे मारतात ते मला काय माहीत? मला ऐकू येतं, मी उठून दारामागे उभी राहते." त्यांनी बोटानं जागा दाखवली. मी पाहिलं. सारवलेली जमीन सपाट होती, कुठेही कसलीच खूण नव्हती. खुणा नाशिकला होत्या.

तरी मी विचारलं. "मग उघडत का नाही?"

"उघडून काय करू? येऊ का, एवढंच विचारतात. कशासाठी आलेत ते एकदाही सांगत नाहीत." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आणि हे तुम्ही त्यांना सांगायचं नाही. कुणी शिकवून म्हटलेलं मला नको आहे. पत्ता द्या, बाकी काही देऊ नका."

परत येताना सबंध घाटभर माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. सगळ्या मंडळीकडून सुटे मागणारा माणूस स्वतः इतकी वर्षं त्या दारापुढे मोठी नोटच धरून उभा होता. आणि मला ते त्याला सांगायची बंदी होती.

काकांना मी ती हयात आहे एवढं सांगितलं, आणि पत्ता. ते खुर्चीवर बसले होते. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले. मी व्हिडिओ कॉलचं विचारलं, कारण त्यांचं वय आणि घाटाचा रस्ता. ते म्हणाले, "नको. पहिल्या रविवारी जाऊ. माझी वेळ तीच आहे."

त्या रविवारी प्रभुभोजनाची तयारी मी शॅरनवर सोपवली, तीही पहिल्यांदाच. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. रस्ताभर त्यांनी प्रत्येक थांब्याचं नाव पुटपुटलं. आशेवाडी. करंजाळी. कोटंबी. एका वळणावर म्हणाले, "सेक्रेटरीबाई, तिनं दार उघडलंच नाही तर मी भाकर न घेताच जाणार. तुम्ही माझ्या यादीत तसं लिहून ठेवा."

"मी असलं काही लिहीत नाही," मी म्हणाले.

वसतिगृहाच्या आवारात शुकशुकाट होता, मुली उपासनेला गेल्या होत्या. मी पायरीच्या खाली थांबले. काका ओट्याचा एक खांब धरून, मग दुसरा धरून दारापर्यंत गेले. दार बंद होतं. ऊन थेट ओट्यावर होतं, आणि दाराखालच्या फटीत मला दोन पावलं स्पष्ट दिसत होती.

त्यांनी थाप मारली. "सुलोचना, मी हनोख. येऊ का?"

पावलं हलली नाहीत.

ते थांबले. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला, काका, पुढचं बोला. ते उत्तराला पुरेल इतका वेळ थांबले. मग मान खाली घातली आणि सवयीप्रमाणे वळले. एक पायरी उतरले.

तेव्हा दारावर थाप पडली. आतून.

काका जागच्या जागी गोठले. आधी त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. आतून पुन्हा थाप आली, हलकी, तालात, पेटी सुरू करण्याआधी झाकणावर बोटं वाजवावीत तशी. काका वळले. इतकी वर्षं दाराबाहेर उभं राहून त्यांनी प्रश्न विचारला होता, आणि आता दार त्यांना विचारत होतं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. ती पाठ हलायला लागली.

"मी पेटीचं बोललो," ते म्हणाले. "ते बोलायचं कारण नव्हतं. लोक नीट ऐकत होते म्हणून बोललो."

फटीतली पावलं तिथेच होती.

"आणि आम्ही दोघं, असं म्हणालो. ते खोटं होतं. मी हात धरला होता आणि तू झटकला होतास. झाकण लावून निघून गेली होतीस. तू काहीच केलं नव्हतंस. मला एकट्याला उभं राहायची भीती वाटली म्हणून तुला शेजारी उभं केलं. हे मी कमळाला सांगितलं नाही. पाळकांना सांगितलं नाही. कुणालाच नाही."

हे मलाही माहीत नव्हतं. आमच्या मंडळीत कुणालाच माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत त्या बाईबद्दल जे जे बोललं गेलं ते सगळं मला एकदम आठवलं आणि मी पायरीवर बसले.

कडी निघाल्याचा आवाज आला. मी उठून गाडीकडे गेले आणि पाठ करून उभी राहिले.

काका बऱ्याच वेळानं आले. बसले, पट्टा लावला. घाट लागेपर्यंत मी विचारलं नाही, मग राहवलं नाही. "माफ केलं का?"

"ते काही म्हणाली नाही."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाली, आता थाप मारू नका. उभं राहून पाय दुखतात."

त्यानंतर काही दिवसांनी हिरव्या दाराचं घर पाडलं. पेटी शीलाच्या निरोपाप्रमाणे पेठला पोचवली. पेरूचं झाडही गेलं, मागची गल्ली एकदम उघडी झाली. काकांनी मंडळीच्या सभेत उभं राहून तीच हकीगत सांगितली, खोटं कुठलं आणि खरं कुठलं तेवढी. आधी पेठला जाऊन सुलोचनाबाईंना विचारून आले होते. या वेळी कुणी मिठी मारली नाही. लोक अस्वस्थ झाले, काही उठून गेले. विलास भालेराव म्हणाला, "कशाला उकरायचं आता." काका खाली बसले.

आता काका नाहीत. पावसाळा संपता संपता गेले, झोपेत. पण मला ते आठवतात ते त्याच्या आधीच्या, त्या सभेनंतर लगेच आलेल्या पहिल्या रविवारी.

पाळकसाहेबांनी शांतता ठेवली. काका उठले. सवयीनं बाकावरच्या लोकांनी गुडघे आखडून त्यांना बाजूच्या दाराकडे वाट दिली. तेवढ्यात मागच्या गल्लीतून आवाज आला. गंजलेली कडी निघाली आणि जुनं जड दार हळूहळू, करकरत, पूर्ण उघडलं. मी एकटीनं ऐकलं असतं तर इथे लिहिलं नसतं. शॅरननं ऐकलं, विलासनं ऐकलं, पाळकसाहेबांचा भाकरीवरचा हात थांबला. सगळ्या माना त्या बाजूच्या खिडकीकडे वळल्या. तिथे मोकळी जागा होती आणि विटांचा ढीग.

हनोखकाकांनी मात्र तिकडे पाहिलं नाही. ते मधल्या वाटेनं वेदीकडे निघाले होते. हात दोन्ही बाजूंना मोकळे, पाय सरळ, आणि एकाही बाकाला त्यांनी हात लावला नाही.